मनगटावरून घोट्यावर

मी एक जुनं घड्याळ आहे. वय विचाराल तर चार वर्षं. हसू नका मित्रांनो, आमच्या जातीत चौथं वर्ष म्हणजे काठी टेकायचं वय. माझ्या पाठीवर आलेली घड्याळं आता काय काय करतात! झोपेत माणूस किती वेळा कूस बदलतो तेही मोजतात म्हणे. मला एवढं येत नाही. मला पावलं मोजता येतात. तीही मी सुरुवातीला चुकीची मोजली आणि त्यापायी एका खऱ्या बाईला तिच्याच घरात खोटं ठरवलं. ती गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. शेवट गोड झाला म्हणून सांगायला तोंड आहे, नाही तर गप्पच बसलो असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्हांला एका लोखंडी हातावर बांधत. तो हात मागे-पुढे, मागे-पुढे झुलायचा. एक झोका, एक पाऊल. असे हजारो झोके घेऊन मी परीक्षा पास झालो. हात हलला की पाऊल पडलं, एवढी एकच गोष्ट मी शिकलो होतो, पण ती शिकून स्वतःला मोठा पंडित समजत होतो. माझ्या खोक्यावर तसं छापलंही होतं.

त्या खोक्यातून बाहेर आलो तो थेट वाशिमजवळच्या अनसिंगात, शाहिदभाई मनियार यांच्या घरी. बाजारगल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पण घरातली खरी मनियारीण म्हणजे त्यांची आई, सुलतानबी. वय बासष्ट, अंगाने चिपाड, आवाज मात्र असा की गावाच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाच्या बाया हात धुऊन ओट्यावर येऊन बसत. चाळीस वर्षांपासून ती डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आसपासच्या खेड्यांत आणि बंजारा तांड्यांवर फेरी करत होती. कोणत्या घरात दोन-चार मापाचं बारीक मनगट आहे, कोणत्या घरात दोन-आठचं, हे तिला तोंडपाठ. जिला लग्नात बांगड्या भरल्या, तिच्या लेकीला आणि आता नातीलाही तिनेच भरल्या होत्या. बांगड्या भरून झाल्या की बाया तिला वाकून नमस्कार करत, आणि ती हातात एक जास्तीची बांगडी सरकवून म्हणे, "भरल्या हातानं राह्य माय."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तांड्याच्या वाटेवर तिला चक्कर आली. लिंबाखाली घटकाभर बसली आणि उठून पुढे गेली, पण ही बातमी तिच्याआधी घरी पोचली. शाहिदभाईंनी तिला वाशिमला डॉक्टरांकडे नेलं. साखर वाढली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं. म्हणून माझी खरेदी झाली.

पण शाहिदभाईंच्या मनात वेगळंच होतं. आई वाटेत कुठे पडली तर, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. माझं खोकं फोडता फोडता ते म्हणाले, "अम्मी, टोपली आता माळ्यावर ठेवू. तू दुकानात गादीवर बस. गिराईक तुह्याकडं येईन."

"दुकानात गिराईक येते बेटा," सुलतानबी म्हणाली, "फेरीत मानूस भेटते."

"पन तुह्यानं चालनं होत नाई आता!"

"कोन म्हंते?"

शेवटी पैज लागली. एका महिन्यात निदान पंधरा दिवस माझ्या काचेवर सहा हजार पावलं दिसली, तर सुलतानबीची फेरी चालू राहणार. नाही दिसली, तर टोपली माळ्यावर. सुलतानबी पदरात तोंड लपवून हसली. "सहा हजार? तेवढं तं मी दुपारच्या भाकरीच्या आंधी चालतो. नाजिया, तू गवाह हाय बरं." सून नाजिया म्हणाली, "हाव अम्मी, मी गवाह." मीही मनात म्हणालो, चला, पहिलंच काम आणि तेही सोपं.

सुलतानबीने मला डाव्या मनगटावर बांधलं. आजूबाजूला हिरव्या काचेच्या चार-चार बांगड्या. त्या दिवसभर किणकिणत, आणि मी मुका. मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, पण मी म्हणायचो, तुम्ही नुसत्या वाजता, मी मोजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपली, आणि निघाली. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, शेतात तूर माणसाच्या वर गेली होती. तांडा तिथून चार किलोमीटर. ती गेली, दहा दारांत बसली, पण त्या दिवसांत बांगड्या भरणाऱ्या एक-दोघीच, उन्हं कलायच्या आत परत आली. संध्याकाळी शाहिदभाईंनी तिचा हात धरून माझी काच पाहिली.

नऊशे चाळीस.

"नऊशे?" सुलतानबी म्हणाली. "अरे बावा, नऊशे तं मस्जिदीपरेंतच होतात."

"यंत्र हाय अम्मी. ते कायले खोटं बोलन?"

मित्रांनो, ते वाक्य ऐकून माझी छाती फुगली होती. आज आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आठशे सत्तर. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या गावाला गेली, अकराशे. चौथ्या दिवशी पाय दुखतात म्हणून घरीच राहिली, भाकरी थापल्या, दुकानाच्या बांगड्या निवडून डझनांनी दोऱ्यांत ओवल्या. त्या दिवशी माझ्यावर तीन हजार शंभर! शाहिदभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "पाह्यलं? घरी बसते तं जास्त चालते. मंग फेरीले जाऊन करते काय?"

आणि मी त्याहून वाईट करत होतो. तासभर कोणी हललं नाही असं वाटलं की मी थरथरतो आणि काचेवर एक उभा माणूस दाखवतो. त्याचा अर्थ, उठा, फार वेळ बसलात, जरा चाला. हा अर्थ नाजियाने तिला सांगून ठेवला होता. तांड्याची शेवटची चढण मोठी जिवावरची आहे. डोक्यावर दहा किलो काच, पायाखाली मुरूम, बाई धापा टाकत चढते आहे आणि मी तिच्या मनगटावर थरथरून सांगतो आहे, उठा, जरा चाला! सुलतानबी तिथल्या तिथे थांबायची. "चालूनच राह्यली ना रे बाप्पा! आनखी कसं चालू?" एवढं बोलून ती पुढची चढण चढायची. मी मात्र वहीत शून्यच लिहीत होतो.

दहाव्या दिवशी शाहिदभाईंनी विचारू नये ते विचारलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की तांड्यावरचा हेमसिंग मोटारसायकलवरून रोज अनसिंगला ये-जा करतो.

"अम्मी, खरं सांग. हेमसिंगच्या गाडीवर बसून जातं ना तू?"

सुलतानबी ताट पुढे घेऊन बसली होती. तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"चाळीस वर्सं झाले," ती म्हणाली. "चीर गेलेली बांगडी मी कोनाच्या हातात भरली नाई. अंधारात खपली असती, तरी नाई भरली. आन तुह्यासंग खोटं बोलू? सहा हजारासाठी?"

शाहिदभाईंची मान खाली गेली, पण डोळे माझ्याकडेच होते. माणसाच्या शब्दापुढे माझा आकडा जड झाला होता. नाजियाने पुढे केलेली भाकरी सुलतानबीने बाजूला सारली आणि त्या संध्याकाळी ती उपाशीच उठली. मला बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो? काही नाही. मला तेव्हाही वाटत होतं की मी बरोबर आहे आणि ती चालत नाही. हेच माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख आहे.

तेरा दिवस गेले. भरलेला दिवस एकही नाही.

चौदाव्या दिवशी तांड्यावर लग्नाच्या बांगड्या होत्या. गोमतीबाईची नात भागिरथा नवरी. गोमतीबाई म्हणजे सुलतानबीची जुनी मैत्रीण, कोपरापर्यंत पांढरा चुडा घालणारी तांड्यातली शेवटची म्हातारी. नव्या पोरींना मात्र काच हवी होती. सकाळपासून ओट्यावर रांग लागली. सुलतानबी मांडी घालून बसली ती बसलीच. एकेकीचा हात डाव्या हातात घ्यायचा, दाबायचा, चोळायचा, अंगठा आत मुडपायचा, आणि बांगडी सर्रकन पुढे. नवरी धरून बावीस जणी. भागिरथाच्या हातात शेवटची बांगडी चढली, तिने नमस्कार केला, आणि नेमका तेव्हा मी थरथरलो. काचेवर रंगीत फुलबाज्या उडाल्या. सहा हजार पूर्ण! अभिनंदन!

पोरी टाळ्या वाजवू लागल्या. "मावशी जिकली! मनियारीन मावशी जिकली!" पैजेची गोष्ट एव्हाना तांडाभर झाली होती.

सुलतानबी हसली नाही. तिने हात डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती टिचकी मारून बांगडीतली चीर पाहते.

"सकाळपासून मी अठीच बसेल हाय ना व गोमती?"

"हाव. पान्याले बी उठली नाई."

"मंग हे सहा हजार कोन चाललं?"

सुलतानबीने डावा हात नुसता हवेत हलवला, दहा वेळा. माझा आकडा दहाने वाढला. मग तिने तो हात डोक्यावर धरला, टोपली धरतात तसा, आणि अंगणात चकरा मारल्या. आकडा जागचा हलला नाही. तिने परत एकदा करून पाहिलं. आकडा तसाच. माझ्या आतल्या सगळ्या तारा जणू एका जागी गोळा झाल्या. लोखंडी हाताने मला झुलणं शिकवलं होतं, पण डोक्यावर ओझं घेऊन हात स्थिर धरून चालणारी बाई मला कोणी दाखवलीच नव्हती. मी शिकलेला अडाणी होतो.

"अस्सं!" सुलतानबी म्हणाली. "हा गडी पायाले पायतच नाई. याले हातच दिसते."

गोमतीबाई तोंडाला पदर लावून हसली. "मंग सोपं झालं की व! घरी बस, हात हालव, जिक पैज. कोनाले समजते?"

मित्रांनो, सोपं होतं खरंच. पंधरा दिवस खाटेवर बसून हात हलवायचा. टोपली वाचली असती, शाहिदभाईही खूश झाले असते. आणि मी मुकाट्याने साक्ष दिली असती. पण सुलतानबीने मला मनगटावरून सोडलं. साडीचा काठ जरा वर घेतला आणि मला घोट्यावर बांधलं, पट्ट्याच्या अगदी शेवटच्या भोकावर.

"चीर गेलेली पैज मले नाई जिकाची," ती म्हणाली. "आता मोज लेका."

आणि ती चालू लागली. काय सांगू तुम्हांला! आजवर मी हवेत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीशी ओळख झाली. धूळ, मुरूम, पायवाटेवरचं वाळलं गवत, नाल्यातली थंडगार वाळू. प्रत्येक पाऊल मला ठण्णकन कळत होतं. घरी पोचलो तेव्हा एका बाजूच्या वाटेचीच पाच हजार सातशे पावलं झाली होती. म्हणजे रोज जाऊन-येऊन ती साडेअकरा हजार चालत होती, आणि मी तिला नऊशे देत होतो!

शाहिदभाईंनी फोनवर त्या दिवसाचा आकडा पाहिला आणि आनंदाने ओरडले, "अम्मी, आज बारा हजार! एक दिवस भरला!"

"तो दिवस काट," सुलतानबी म्हणाली. "त्यातले सहा हजार हाताचे हायेत. मले ते नको."

"अवं पन..."

"सोळा दिवस राह्यले. त्यातले पंधरा भरीन. पन आंधी उद्या तू चाल माह्यासंग. टोपली तुह्या डोक्यावर आन घड्याळ तुह्या हातावर."

दुसऱ्या दिवसाची मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. पुढे सुलतानबी, मोकळ्या हाताने, वाटेतली तुरीची शेंग तोडून सोलत. मागे शाहिदभाई, डोक्यावर टोपली. त्यांना एका हाताने ती पेलेना, म्हणून दोन्ही हात वर. घामाने सदरा पाठीला चिकटला. शंभर पावलांवर मानेचं दुखणं सुरू झालं, नाल्यात चुंबळ घसरली. शेवटच्या चढणीवर ते मधेच थांबले, आणि मी काय केलं असेल? हो, तेच. थरथरलो आणि सांगितलं, उठा, फार वेळ बसलात, जरा चाला!

शाहिदभाईंनी वर डोळे करून माझ्याकडे पाहिलं. माझी काच त्यांच्या नजरेने तडकली नाही हेच नवल.

तांड्यावर सगळे ओट्यावर येऊन उभे होते. गोमतीबाई, हातभर नव्या बांगड्यांची भागिरथा, आणि समोर आपली मोटारसायकल पुसत हेमसिंगही. शाहिदभाईंनी टोपली उतरवली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि मनगट पुढे केलं. सुलतानबीने नाव घेऊन भागिरथाला आकडा वाचायला लावला.

"तीनशे सतरा," भागिरथा म्हणाली.

सुलतानबीने पदर सावरला, आवाज होता तेवढा मऊ केला, आणि विचारलं, "खरं सांग शाहिद. हेमसिंगच्या गाडीवर बसून आला ना तू?"

आधी हेमसिंगच खो खो हसला. मग ओटा, मग सगळा तांडा. गोमतीबाई हसता हसता खाली बसली. शाहिदभाईही हसले, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"चुकलं अम्मी. यंत्राचं आयकलं, तुह्यं नाई आयकलं."

"जाऊ दे रे येड्या," ती म्हणाली. "तुह्यी काळजी खोटी नोयती. माप खोटं होतं."

परतताना मी तिच्या घोट्यावर होतो. टोपली तिने हट्टाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. शाहिदभाईंची तीनशे सतरा वजा करूनही घरी येईपर्यंत सहा हजार दोनशे.

पुढचे पंधरा दिवस मी डोळ्यांत तेल घालून मोजले. एकदा सकाळी एवढं धुकं होतं की हातभर पुढचं दिसत नव्हतं, एकदा पायात काटा मोडला, एकदा घरी पाहुणे बसले होते. तरी दिवस चुकला नाही. महिना संपला त्या दिवशी नाजियाने फोन वर धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोळाच्या सोळा! एक बी दिवस खाली नाई!" शाहिदभाईंनी स्वतः माळ्यावर चढून जुनी टोपली काढली, वेताची, सुलतानबीच्या सासूची. ती वजनाने हलकी होती. तिला त्यांनी नवं कापडी अस्तर शिवून घेतलं. जड खोकी आता हेमसिंगच्या मोटारसायकलवर तांड्यावर जातात, आणि सुलतानबी पायी जाते, थोड्याशा बांगड्या डोक्यावर घेऊन. तीन महिन्यांनी वाशिमच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहिला आणि विचारलं, चालता किती? सुलतानबीने साडीचा काठ बोटभर वर केला. डॉक्टर खुर्चीतून वाकून कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. साखर उतरली होती.

या गोष्टीला आता चार वर्षं होतील. माझा पट्टा दोनदा बदलला. नाल्यातल्या दगडावर आपटून काचेला एक लांब रेघ गेली. पण मनियारांच्या घरात काच फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सुलतानबीही म्हणाली, "घड्याळ वाढलं." तिने मला चिखलातून पुसलं आणि परत घोट्यावर बांधलं. आता तांड्यावर आणखी दोघीतिघींच्या पायात माझी भावंडं दिसतात. तिकडे म्हणे पैंजणासारखी फॅशनच झाली आहे.

मित्रांनो, जाता जाता म्हाताऱ्याचं एक ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला वेळेवर चार्ज करा, घाम पुसा, पाण्यात बुडवू नका. आम्ही मनापासून काम करतो. पण आम्हांला शिकवलं तेवढंच येतं. डोक्यावर पाटी घेणारी, कडेवर लेकरू घेणारी, दोन्ही हातांनी गाडा ढकलणारी माणसं आमच्या शाळेत नव्हती. त्यांचं खरं आम्हांला विचारू नका, त्यांनाच विचारा.

शाहिदभाई आता तसंच करतात. रोज उन्हं कलली की सुलतानबी टोपली उतरवून ओट्यावर टेकते. ते दुकानातून पाण्याचा तांब्या घेऊन येतात, शेजारी बसतात आणि म्हणतात, "अम्मी, आज कुठवर गेली होती?" मग ती सांगत राहते. कोणाची लेक माहेरी आली, कोणाच्या नातीचं माप दोन-चारवरून दोन-सहावर गेलं, कोणत्या वाटेवर बोरं लागली. माझ्यावर त्या दिवसाचा आकडा लखलखत असतो, तेरा हजार, कधी चौदा हजार. त्याकडे कोणी पाहतही नाही. आणि खरं सांगतो, मी इतका खूश कधीच नव्हतो.